ब्रिस्टलमधला एक शनिवार : छत्रीपासून झुलत्या पुलापर्यंत

रेडिंगमध्ये राहायला येऊन मला सहा वर्षे झाली, पण ब्रिस्टल हे शहर माझ्या लेखी स्टेशनच्या फलकावर उमटणारे एक नाव होते. लंडनहून पश्चिमेकडे निघालेल्या कितीतरी गाड्या तिकडे जातात, आमच्याकडून तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तरीही तिथे उतरून पाहावे असे कधी मनात आले नाही. या वर्षी जुलैमध्ये माझ्या सासूबाई येवल्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. लंडन दोनदा पाहून झाले, तिथल्या गर्दीने आणि भुयारी रेल्वेच्या जिन्यांनी त्या दमल्या, आणि मग त्यांनी मला सांगितले की, आता एखादे असे गाव दाखव जिथे धावावे लागणार नाही, जिथे मध्येमध्ये बसायला मिळेल आणि रात्री आपल्या अंथरुणावर पाठ टेकता येईल. एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. त्या दिवसाचा हा सविस्तर अभिप्राय आहे, आणि ज्यांच्या घरी भारतातून आईवडील आले आहेत, ज्यांना ‘आता कुठे न्यायचे’ हा प्रश्न दर आठवड्याला पडतो, त्यांच्यासाठी तो मुख्यतः लिहिला आहे.

माझे मत आधी सांगते. ब्रिस्टल एका दिवसात ‘पाहून होत’ नाही, आणि तसा प्रयत्न केला तर पायांचे हाल होतात. पण तीन-चार ठिकाणे निवडली आणि मधला प्रवास शक्य तितका पाण्यावरून केला, तर वयस्क माणसासाठी इतका सोयीचा दिवस मला या देशात दुसरीकडे क्वचितच मिळाला आहे. एसएस ग्रेट ब्रिटन या जहाजाचे तिकीट स्वस्त नाही, पण ते पुरेपूर वसूल होते. बाकीचे बहुतेक सारे, म्हणजे वस्तुसंग्रहालय, दफनभूमी आणि पूल, विनामूल्य आहे. आणि मराठी माणसाने ब्रिस्टलला जाऊन आर्नोस व्हेलची दफनभूमी पाहिली नाही, तर त्याने महत्त्वाचे काहीतरी गमावले असे मी म्हणेन.

आमच्या दिवसाची सुरुवात तिथूनच झाली. टेम्पल मीड्स स्टेशनपासून आर्नोस व्हेल ही दफनभूमी बाथ रोडने चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांचा विचार करून आम्ही टॅक्सी केली. शनिवारच्या सहलीची सुरुवात दफनभूमीपासून करणे अनेकांना विचित्र वाटेल, आणि आईंनाही आधी ते रुचले नव्हते. पण १८३७ मध्ये स्थापन झालेली ही जागा म्हणजे टेकडीच्या उतारावरचे एक मोठे, झाडांनी भरलेले रान आहे, आणि मुख्य दारातून आत गेल्यावर थोड्याच अंतरावर जे दिसते ते पाहून त्या जागीच थांबल्या. समोर एक छत्री होती. पावसात धरायची नव्हे, तर आपल्याकडे थोरांच्या समाधीवर बांधतात ती. पुण्याला वानवडीत महादजी शिंद्यांची आहे तिच्या कुळातली, खांबांवर उभी आणि वर घुमट असलेली दगडी छत्री, आजूबाजूला इंग्रज कुटुंबांचे क्रूस आणि देवदूत. इथे राजा राममोहन रॉय विसावले आहेत.

शाळेत सतीबंदीच्या धड्यात भेटलेले हे नाव इंग्लंडमध्ये या टेकडीवर कसे आले, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. दिल्लीचे बादशहा दुसरे अकबर यांनी त्यांना ‘राजा’ हा किताब देऊन आपल्या तनख्याची बाजू मांडण्यासाठी विलायतेला पाठवले. १८३१ मध्ये ते लिव्हरपूलला उतरले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानण्याच्या त्या काळात एका ब्राह्मणाने केलेला हा प्रवास होता. सतीबंदीविरुद्ध सनातन्यांनी केलेले अपील १८३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाने फेटाळले, तेव्हा ते लंडनमध्येच होते. त्याच वर्षी ६ जानेवारीला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला, हे मी आईंना सांगितले, कारण हे दोन काळ माझ्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते. पुढच्या वर्षी राममोहन रॉय ब्रिस्टलजवळ स्टेपलटन इथे स्नेह्यांकडे पाहुणे म्हणून आले, आजारी पडले आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजी तिथेच गेले. आधी त्यांना त्या घराच्या आवारातच पुरले होते. दहा वर्षांनी, १८४३ मध्ये, रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष आर्नोस व्हेलला आणले गेले आणि त्यांवर ही छत्री बांधली गेली.

छत्रीवरचा लेख इंग्रजीत आहे. परमेश्वराच्या एकत्वावरील त्यांची श्रद्धा, लोकांच्या स्थितीसाठी त्यांनी घेतलेले श्रम आणि सतीची चाल बंद करण्यासाठी केलेली खटपट यांचा त्यात उल्लेख आहे. मी तो आईंना मराठीत करून सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आजीचं केशवपन झालं होतं. ती सती गेली नाही, जगली, म्हणून माझे वडील वाढले.” पर्समधून त्यांनी रुमाल काढला, छत्रीच्या पायरीवर पडलेली वाळकी पाने त्याने पुसून काढली आणि नमस्कार केला. राममोहन रॉय यांच्या ब्राह्मो समाजाचा हा विचार पुढे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाच्या रूपाने आला, रानडे आणि भांडारकर त्यात आले, आणि आपल्या घरांतल्या मुलींच्या शिक्षणापर्यंत तो धागा येऊन पोचतो. याच दफनभूमीत मेरी कार्पेंटर यांचीही कबर आहे. तरुणपणी त्या इथे राममोहन रॉय यांना भेटल्या आणि पुढे १८६६ मध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम पाहण्यासाठी भारतात आल्या.

जागेविषयी व्यवहाराचे सांगायचे तर प्रवेश विनामूल्य आहे, आणि मुख्य रस्ते चालायला चांगले असले तरी आतल्या पायवाटा चढाच्या आहेत. छत्री मात्र दारापासून जवळ असल्याने फार चालता न येणाऱ्यांनाही पाहता येते. १९८० च्या दशकात ही जमीन घरबांधणीसाठी जाणार होती. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षे झगडून ती वाचवली. नकाशा आधीच फोनवर काढून ठेवावा, आणि इथे किमान एक तास द्यावा.

स्टेशनवर परत येऊन आम्ही बोट धरली. ब्रिस्टलच्या दिवसातला हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. टेम्पल मीड्सच्या मागच्या धक्क्यावरून लहान फेरीबोटी सुटतात आणि शहराच्या मध्यातून, पुलांखालून, जुन्या गोदामांच्या भिंतींना लागून जहाजापर्यंत आणि त्याही पुढे जातात. हेच अंतर बसने दहा-पंधरा मिनिटांत कापता येते, पण बोटीत बसायला लाकडी बाक असतो, वारा असतो, आणि गाव आपल्यापुढे सावकाश उलगडत जाते. कॅसल पार्कजवळ छप्पर नसलेले एक चर्च दिसते. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात ते जळाले आणि आठवण म्हणून तसेच ठेवले आहे. बोट चालवणारा माणूस आईंना हात देऊन आत घेत होता, आणि उतरताना पुन्हा हात द्यायला स्वतः पुढे आला; अशा गोष्टींनी दिवस सोपा होतो.

या पाण्याची हकिगत मला फार रंजक वाटली, म्हणून थोडे थांबून सांगते. एव्हन नदी सेव्हर्नच्या मुखाला मिळते, आणि तिथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. मोठ्या उधाणाला पाणी १२ मीटरहून अधिक चढते. आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्यावर चार-पाच मीटरची भरती आली तरी वर्तमानपत्रे इशारे छापतात, यावरून अंदाज करावा. पूर्वी ओहोटी लागली की ब्रिस्टलच्या धक्क्याला बांधलेली जहाजे गाळात रुतून कलंडत. म्हणून विल्यम जेसप या अभियंत्याने नदीसाठी बाजूने एक नवा पाट खोदून घेतला आणि जुन्या पात्राला दरवाजे बसवून पाणी अडवले. १८०९ मध्ये हे काम पुरे झाले. तेव्हापासून शहराच्या आतले पाणी एकाच पातळीला राहते आणि बोटी कायम तरंगत राहतात, म्हणून त्याला तरंगते बंदर असे नाव पडले. आईंनी हे ऐकून विचारले की, मग नदी गेली कुठे? पुढे गाडीतून जाताना मी त्यांना तो नवा पाट दाखवला. ओहोटी होती आणि दोन्ही काठांना चकाकणाऱ्या गाळाच्या उतरंडी होत्या. तो गाळ पाहिल्याशिवाय या बंदराचे महत्त्व खरे कळत नाही.

दुपारच्या जेवणासाठी आम्ही सेंट निकोलस बाजारात गेलो. १७४० च्या दशकातला हा जुना झाकलेला बाजार आहे. काचेच्या छताखालच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना खाण्याच्या टपऱ्या आहेत. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास तिथे उभे राहायलाही जागा नसते, म्हणून बारापूर्वी पोचावे. मोरोक्कन, कॅरिबियन, फलाफल, इंग्लिश ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) असे सारे प्रकार हाताशी होते, आणि शाकाहारी माणसाला इथे ‘फक्त सॅलड’ खावे लागत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. आम्ही मशरूमचा पाय आणि त्याबरोबर कुस्करलेला बटाटा घेतला. वरचे कवच खुसखुशीत होते, आतला रस्सा घट्ट होता. आईंनी त्यावर पर्समधल्या डबीतली लसणाची चटणी घातली आणि मलाही दिली. तसे केल्यावर तो पाय आणखी चांगला लागला, हे मी मनापासून सांगते. दोघींचे जेवण लंडनपेक्षा बरेच कमी पैशांत झाले.

बाजाराच्या दर्शनी बाजूला, कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवर, एक घड्याळ आहे आणि त्याला दोन मिनिटकाटे आहेत. ब्रिस्टल ग्रीनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथला सूर्य सुमारे दहा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गाव आपल्या सूर्यानेच चालत असे. गाड्यांचे वेळापत्रक लंडनच्या वेळेने छापले जाऊ लागल्यावर लोकांच्या गाड्या चुकू लागल्या, म्हणून दुसरा काटा बसवला. १८५२ मध्ये शहराने लंडनची वेळ स्वीकारली, पण दोन्ही काटे अजून फिरत आहेत. मला लगेच ‘मुंबई टाइम’ आठवला. भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ती वेळ मुंबईने हट्टाने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जपली होती, आणि आईंच्या वडिलांच्या बोलण्यात ‘रेल्वेचा टाइम की मुंबईचा?’ हा प्रश्न असे, असे त्यांनी सांगितले. खाली पदपथावर कमरेइतक्या उंचीचे चार ब्राँझचे खांब आहेत. व्यापारी त्यांच्या सपाट माथ्यावर पैसे मोजून सौदे पुरे करत. त्यांच्या कडा वर उचललेल्या आहेत, नाणे घरंगळून जाऊ नये म्हणून.

तिथून पुढे चालत बंदरावर आलो, तेव्हा पेरोज ब्रिज हा पादचारी पूल लागला. त्याला दोन मोठी शिंगे आहेत, ती खरे तर तोल राखणारी वजने आहेत. पेरो जोन्स हा नेव्हिस बेटावरून जॉन पिनी या साखरमळ्याच्या मालकाबरोबर इथे आलेला गुलाम होता. पिनी यांचे ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचे घर आज जॉर्जियन हाऊस या नावाने संग्रहालय म्हणून उघडे आहे, आणि गुलामाचे नाव १९९९ मध्ये पुलाला दिले. ब्रिस्टलची श्रीमंती कशावर उभी राहिली, हे इथून पुढे टाळता येत नाही, आणि या शहराविषयी मला सर्वाधिक आदर वाटला तो याच गोष्टीसाठी, की ते हे टाळू देत नाही.

एम शेड हे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय धक्क्यावरच्या जुन्या मालगोदामात २०११ मध्ये सुरू झाले. बाहेर १९५१ मधल्या चार उंच विजेच्या याऱ्या (क्रेन) अजून उभ्या आहेत. आत एका कक्षात एडवर्ड कोल्स्टन यांचा ब्राँझचा पुतळा आहे, पण तो उभा नाही. पाठीवर आडवा झोपवलेला आहे आणि त्याच्यावर फासलेला रंग तसाच ठेवला आहे. कोल्स्टन हे गुलामांच्या व्यापारात असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे अधिकारी आणि शहराला मोठ्या देणग्या देणारे व्यापारी होते. १८९५ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला, ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी तो पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला, आणि काही दिवसांनी महापालिकेने तो बाहेर काढला. कुठल्याही बाजूचे माणूस असले तरी तो आडवा पुतळा पाहताना पाऊल थबकते. शेजारी निदर्शनातले फलक मांडले आहेत. लपवणे सोपे होते आणि पुन्हा उभा करणेही काहींना हवे होते. त्याला त्या दिवशीच्या अवस्थेतच लोकांपुढे ठेवणे मला सर्वांत प्रामाणिक वाटले.

याच संग्रहालयात १९६३ च्या बस बहिष्काराची माहिती आहे, आणि तिथे आई खुर्चीवर बसून सारे लक्षपूर्वक पाहत होत्या. शहरातली बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसांना चालक किंवा वाहक म्हणून घेत नसे. पॉल स्टीफन्सन हे कार्यकर्ते आणि त्यांच्या साथीदारांनी लोकांना बसमध्ये न चढण्याचे आवाहन केले, आणि चार महिन्यांनी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, कंपनीने ती बंदी उठवली. त्यानंतर पहिला बिगरगोरा वाहक म्हणून जो माणूस कामावर आला, ते रघबीर सिंग नावाचे शीख गृहस्थ होते. माझ्या नवऱ्याला इथे पहिली नोकरी कोणत्या कायद्यांच्या आधाराने मिळाली, याचा मी कधी विचार केला नव्हता. या आंदोलनाने १९६५ च्या वंशसंबंध कायद्याला बळ दिले असे मानले जाते, आणि ते वाचून मला त्या बहिष्कार घालणाऱ्यांचे ऋण वाटले.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर एक चूक झाली. पाय दुखत होते म्हणून धक्क्यालगतच्या एका कॅफेत चहाला बसलो. नाव देत नाही. चहाला पस्तीस मिनिटे लागली, तो कोमट आला, आणि आईंसाठी मागवलेल्या चीज सँडविचमध्ये आधी विचारून, खात्री करून घेऊनही हॅम निघाले. क्षमा मागून त्यांनी पैसे परत दिले, पण आईंनी त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही. शाकाहारी ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी बाजारातच पोटभर खाऊन घ्यावे आणि थर्मासमध्ये चहा घरून आणावा. धक्क्यावरच्या काही भागांत जुने दगडी फरशीकाम आणि मालगाडीचे रूळ आहेत. काठी घेऊन चालणाऱ्यांनी तिथे जपून चालावे.

मग पुन्हा फेरी, आणि एसएस ग्रेट ब्रिटन. या जहाजाविषयी लिहिण्यासाठीच खरे तर मी हा अभिप्राय लिहायला घेतला. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याने आखलेले, ९८ मीटर लांबीचे, १९ जुलै १८४३ रोजी पाण्यात उतरलेले हे जहाज म्हणजे लोखंडी बांधणी आणि मळसूत्री पंखा या दोन्ही गोष्टी घेऊन महासागर ओलांडणारे पहिले मोठे वाफेचे जहाज. ते अटलांटिकवर चालले, आयर्लंडच्या किनाऱ्याला लागून वर्षभर अडकले, मग अनेक वर्षे ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित नेत राहिले, शेवटी त्याची इंजिने काढून टाकून शिडांवर चालवले गेले, फॉकलंड बेटांवर तरंगते गोदाम म्हणून उरले आणि १९३७ मध्ये उथळ पाण्यात बुडवून सोडून दिले गेले. १९७० मध्ये त्याला एका तराफ्यावर चढवून अटलांटिकपार ओढत आणले, आणि जुलैच्या १९ तारखेलाच ते त्याच कोरड्या गोदीत परत आले जिथे ते बांधले गेले होते. आज आपण पाहतो ते त्याच गोदीत उभे असलेले तेच जहाज आहे.

आत शिरल्यावर आधी खाली जावे. जहाजाभोवती पाण्याच्या पातळीला काच बसवली आहे आणि काचेवर थोडेसे पाणी खेळवले आहे, त्यामुळे वरून पाहिले तर ते पाण्यात तरंगताना दिसते. आणि लिफ्टने खाली उतरले की आपण त्या काचेच्या खाली, समुद्राच्या तळाशी उभे असल्यासारखे जहाजाच्या पोटाखाली येतो. वर पाण्यातून गाळून उतरलेला उजेड हलत असतो. समोर गंजाने खाल्लेले, ठिकठिकाणी आरपार भोके पडलेले लोखंड असते. खाऱ्या पाण्याने इतके मुरलेले लोखंड दमट हवेत आणखी गंजत राहते, म्हणून या गोदीतली हवा यंत्रांनी कोरडी ठेवली आहे. तिच्यातली आर्द्रता सुमारे २० टक्के, म्हणजे वाळवंटाइतकी. कोकणात दर पावसाळ्यात खिडकीचे गज गंजताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या खटाटोपाचे मोल सांगावे लागत नाही. मी त्या पत्र्याजवळ हात नेला आणि हवेचा कोरडेपणा ओठांवर जाणवला.

वरच्या मजल्यांवर प्रवाशांच्या खोल्या, भोजनगृह आणि स्वयंपाकघर पूर्वीसारखे मांडले आहे. पहिल्या वर्गाचा सोनेरी दिवाणखाना एका बाजूला आणि गरिबांच्या फळ्यांच्या शय्या दुसऱ्या बाजूला. त्या शय्या इतक्या अरुंद की कुशीवर वळायचे झाले तर शेजाऱ्याला सांगावे लागेल. वासही मुद्दाम सोडले आहेत: शिजत्या अन्नाचे, डांबराचे, आणि आजारपणाचे. ज्यांना वासाने मळमळते त्यांनी या खोल्या भराभर ओलांडाव्यात. मला स्वतःला मात्र ते वास आवश्यक वाटले, कारण त्यांच्यावाचून हे सगळे फार सुबक दिसले असते. क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक गोष्ट: १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघ याच जहाजातून गेला होता.

एक गोष्ट मी येण्यापूर्वी वाचली होती आणि आईंना कधी सांगावी हे मला ठरवता येत नव्हते. डेकवर बाकावर बसलो तेव्हा सांगितली. १८५७ च्या शरद ऋतूत हेच जहाज आयर्लंडमधल्या कॉर्कहून सैन्य घेऊन निघाले आणि डिसेंबरमध्ये मुंबईला पोचले. त्यात १७ वी लान्सर्स ही घोडदळाची पलटण होती, तीन वर्षांपूर्वी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या हल्ल्यात लढलेली. उठाव मोडण्यासाठी ती आली होती, आणि पुढच्या वर्षी मध्य भारतात तात्या टोपे यांचा पाठलाग करणाऱ्या फौजांत ती होती. तात्या टोपे येवल्याचे. आमच्या घरापासून त्यांच्या नावाचा फलक चालत दहा मिनिटांवर आहे, आणि १८ एप्रिलला, म्हणजे शिवपुरीला त्यांना फाशी दिले त्या दिवशी, आईंच्या शाळेत कार्यक्रम असे.

आईंनी डेकच्या लाकडावर हात ठेवला. “म्हणजे ती माणसं इथून चढली?” त्यांनी विचारले. कॉर्कहून, मी म्हटले, पण याच जहाजात. हा पत्रा तोच आहे. त्या खूप वेळ डोलकाठीकडे पाहत बसल्या. रागाने बोलल्या नाहीत. पुन्हा खाली जायचे आहे असे म्हणाल्या, आणि आम्ही लिफ्टने परत काचेखाली गेलो. तिथे त्यांनी गंजलेल्या भोकांपैकी एकातून आतल्या अंधारात वाकून पाहिले. मला वाटते, एखादी वस्तू शंभर पुस्तकांपेक्षा अधिक सांगते ती अशा वेळी. जहाज चांगले जपले आहे म्हणूनच ही भेट घडू शकली. इथे तीन तास सहज जातात. शेजारचे ब्रुनेल यांच्यावरचे संग्रहालय याच तिकिटात आहे. आम्ही ते भरभर पाहिले, पण रेल्वेची आवड असलेल्यांनी वेळ राखून ठेवावा. ब्रुनेल यांनी आपल्या रेल्वेसाठी रुळांतले अंतर सात फुटांहून किंचित अधिक ठेवले होते, आणि आपल्या भारतीय रेल्वेचे साडेपाच फुटांचे रूळ त्यांच्यापुढे अरुंद वाटतात.

संध्याकाळी टॅक्सीने क्लिफ्टनला गेलो. चढ फार आहे, चालत जाऊ नये. एव्हनच्या खोल दरीवर टांगलेला झुलता पूल ही ब्रुनेल यांचीच कल्पना, पण तो त्यांनी पाहिला नाही. १८३१ मध्ये सुरुवात झाली, पैसे संपले, दोन मनोरे वीसेक वर्षे पुलावाचून उभे राहिले, साखळ्या विकून टाकाव्या लागल्या, १८५९ मध्ये ब्रुनेल गेले, आणि मग त्यांच्या मित्र-सहकाऱ्यांनी त्यांचे स्मारक म्हणून, लंडनमधल्या त्यांच्याच एका मोडलेल्या पुलाच्या साखळ्या आणून, ८ डिसेंबर १८६४ रोजी हा पूल पुरा केला. दोन मनोऱ्यांमधले अंतर २१४ मीटर, खाली पाण्यापर्यंत सुमारे ७५ मीटर. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. पलीकडच्या टोकाला लहानसे माहिती केंद्र आहे, तेही विनामूल्य.

आईंना उंचीची भीती वाटते. पुलाच्या मध्यापर्यंत त्या माझा हात धरून आल्या, मोटारी जाताना पायाखाली होणारी थरथर त्यांना जाणवली, आणि तिथून त्यांनी खालचा गाळ, ओहोटीने अरुंद झालेली नदी आणि दूरवर बंदराचे तोंड पाहिले. पश्चिमेकडे एक पट्ट्यापट्ट्यांचा बलून शांतपणे वर येत होता. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इथे ते अनेकदा दिसतात. साडेआठ वाजले होते आणि उजेड अजून होता. क्लिफ्टनच्या हिरवळीवर बाक भरपूर आहेत, आणि सकाळपासूनच्या दिवसात बसायला जागा शोधावी लागली असे एकदाही झाले नाही.

कॅथेड्रल, कॉलेज ग्रीनवरचा राममोहन रॉय यांचा पुतळा, जॉर्जियन हाऊस आणि मेरी कार्पेंटर यांनी १८५४ मध्ये मुलींसाठी सुधारशाळा चालू केली ते रेड लॉज, हे सारे राहिले. आर्नोस व्हेलला दरवर्षी २७ सप्टेंबरच्या आसपास राममोहन रॉय यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. आईंचे परतीचे विमान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. गाडीत बसल्यावर त्यांनी मला तारीख पाहायला सांगितली, आणि येवल्याहून येताना आणलेल्या दोन शेल्यांपैकी एक त्यासाठी बाजूला काढून ठेवायचे ठरवले. तिकिटे काढली आहेत. या वेळी रेड लॉजपासून सुरुवात करणार आहोत.